डब्यांवरच्या तारखा

प्रिय तपासणीबाई,

फेकून दे म्हणायला तुझं काय जातं? लोकांच्या हॉटेलांत शिरून हे फेका, ते फेका म्हणायचा तुला पगारच मिळतो, तोंडाला सवय झालीय. पण मी काही तुझं हॉटेल नाही. दीड मिनिटात माझ्या सात डब्यांचा निकाल लावलास आणि ‘ठेवते गं, इथे तपासणी चाललीय’ म्हणून फोन ठेवून मोकळी. माझं अर्धं बोलणं घशातच राहिलं. म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली, चुका होणारच. त्या तेवढ्या तपासू नकोस, ते तुझ्या खात्यात येत नाही.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधेच ‘बरं मग?’ करता येणार नाही तुला. सोमवारी दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि बुधवारी सकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत वीज नव्हती. तू शिकवलेलं मी सगळं केलं. फ्रीजरचं दार उघडायचं नाही म्हणालीस, तर मी दाराला दोरी बांधून वर तीन गाठी मारल्या. का, तर तुझे बाबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, कुठलंही झाकण दिसलं की उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दर तासाला आपलं ‘जरासं बघू का, किती गार राहिलंय?’ अहो, बघितलं की गार जातं! हे त्यांना दोन दिवसांत मी किती वेळा सांगितलं असेल, माझा घसा बसला.

तुझं ते नाण्याचं शास्त्रही मी पाळलेलं. वाटीत पाण्याचा बर्फ करायचा, वर नाणं ठेवायचं. नाणं वरच राहिलं तर आतलं अन्न शाबूत, बुडालं तर वितळून पुन्हा गोठलंय असं समजायचं. मी ठेवलेलं नाणं आमच्या लाँड्रीतलं. कुणाच्या तरी खिशात राहून मशीनमध्ये इतक्या वेळा फिरलेलं की दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. दुकानात कुणी घेत नाही, म्हटलं निदान इथे तरी कामाला येईल.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आले तर तुझे बाबा दारातच हसत उभे. ‘नाणं वर आहे! सगळं शाबूत!’ मी चपलाही न काढता आत धावले. बघते तर नाणं वर, डबे दगडासारखे. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. मग नीट बघितलं. वरचं नाणं कसं कोरं करकरीत, आकडा लख्ख दिसतोय. मी म्हटलं, हे नाणं रात्रीतून तरुण कसं झालं? त्यावर त्यांनी छताकडे बघितलं. मी मोरीत गेले, तर बादलीमागे माझी जुनी वाटी आणि माझं गुळगुळीत नाणं बर्फाच्या तळाशी, विहिरीत पडल्यासारखं. सकाळी वीज येऊन सगळं पुन्हा गोठलं, यांनी ते बघितलं आणि दुसऱ्या वाटीत बर्फ करून वर खिशातलं नाणं ठेवलं. इन्स्पेक्टरच्या बापाने पुरावा बदलला! तुमच्याकडे याला काय शिक्षा असते?

मी विचारलं, का हो केलंत असं? तर म्हणाले, ‘सगळं टाकलंस तर रिकाम्या फ्रीजरकडे बघत बसशील.’ मी कशाला बसू? मला कामं नाहीत?

तेव्हा तुला फोन केला. तू विचारलंस फ्रीजर किती भरलेला होता, मी म्हटलं अर्धा. तू म्हणालीस अर्धा एक दिवसच टिकतो. वास बरा येतोय म्हटलं, तर म्हणालीस वासावर जाऊ नकोस. मग म्हणालीस, तारखा वाच. मी चिठ्ठ्या बघून वाचल्या. आठ जून, तेरा जुलै, तीन ऑगस्ट, आणि पुढच्या चार. तू केवढी हसलीस. ‘आई, जूनचे खिम्याचे गोळे अजून ठेवलेस? कमाल आहे तुझी, टाक सगळं.’

तरी मी टाकलं नाही. टाकते टाकते म्हणत गुरुवारी कामावर गेले, आणि मागे तुझ्या बाबांनी एक डबा गरम करून खाल्ला. ‘मी खाऊन बघतो, मला काही झालं नाही तर बाकीचे वाचतील.’ वीर! शुक्रवारचा पूर्ण दिवस वीर संडासात होते. डॉक्टर म्हणाले, वय काय, करता काय. आता पेजेवर आहेत, आवाज परत आलाय, म्हणजे बरे आहेत. तेव्हा मान्य. तुझं खरं, माझं खोटं. शनिवारी उरलेले सहा डबे मी स्वतःच्या हाताने रिकामे केले.

फक्त एक सांगायचं राहिलं, जे फोनवर घशात अडकलं. त्या चिठ्ठ्या लाँड्रीतल्या आहेत. आमच्याकडे चिठ्ठीवर कपडे कधी आले ते लिहीत नाहीत. गिऱ्हाईक न्यायला कधी येणार, ती तारीख लिहितात. माझ्या हाताला तेच वळण. तुझी डायरी काढ आणि आठ जून बघ. तेरा जुलै बघ. ‘आई, या रविवारी नक्की’ कुठे कुठे लिहिलंयस ते मोज, सात भरतील. दर वेळी आदल्या दिवशी रांधलं, आणि ‘जमत नाही गं’ असा तुझा फोन आला की झाकण लावून चिठ्ठी बांधली. आता फ्रीजर धुऊन बटण बंद केलंय, दार उघडं ठेवलंय. यापुढे साठवणार नाही, गरम वाढेन. खाटकाला शुक्रवारी सांगावं लागतं, तेव्हा गुरुवारपर्यंत कळव, या रविवारी येतेस का नाही. ‘बघते’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझीच,
तपासणीत नापास झालेली
आई