प्रबंध जवळजवळ झाला आहे

२ जानेवारी, सकाळी ६
उठलो. या वर्षी पीएचडी संपवायची म्हणजे संपवायची. काल गाइड मॅडमचा फोन होता. मार्चअखेर प्रबंध जमा करा, यापुढे मुदतवाढ नाही, मीही त्याच दिवशी रिटायर होतेय, म्हणाल्या. आवाज कडक होता. माझ्याकडून अपेक्षा असल्याशिवाय कोणी इतकं कडक बोलत नाही.
हिला बँकेत बढती मिळाली आहे. मॅनेजर. पण ब्रँच दुसऱ्या शहरात. माझा प्रबंध अर्धवट आहे म्हणून तिने होकार लांबवलाय. माझ्यामुळे कुणाचं काही अडायला नको, असं मी स्पष्ट सांगितलं. ती डबा भरायला उठली. पटलं असावं.

६ जानेवारी
फाँट ठरला. महत्त्वाचं काम होतं.

१४ जानेवारी
विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या माहिती शोधण्याच्या सवयी. आमच्याच कॉलेजच्या लायब्ररीत प्रश्नावल्या वाटल्या. 'आपण ग्रंथालयात कशासाठी येता?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'पंखा चांगला आहे' असं लिहिलंय. एकाने 'ती येते म्हणून'. हा डेटा शास्त्रीय नाही. प्रश्न बदलून नव्याने वाटणार.

३० जानेवारी
माझ्या हाताखालच्या असिस्टंट लायब्रेरियनने प्रबंध जमा केला. माझ्यानंतर रजिस्टर झाली होती. पेढे वाटत होती, मी दोन घेतले. तिचा विषय सोपा आहे. शिवाय तिला खोलात जायची सवय नाही.

८ फेब्रुवारी
अभ्यासरजा मंजूर! आजपासून पूर्ण वेळ लेखन. पण पसाऱ्यात डोकं चालत नाही. आधी घरातली पुस्तकं लायब्ररीसारखी दशांश वर्गीकरणाने लावली. हात लागलाच होता म्हणून स्वयंपाकघरातले डबेही लावले, वर्गांक घातले. संध्याकाळी हिला मीठ सापडेना. ६६४ खाली बघ म्हणालो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि अळणी आमटी वाढली. मुलगी हसली, मग आईचा चेहरा बघून गप्प झाली.

२१ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. किती झालं? तीन प्रकरणं तयार, फक्त प्रिंट काढायची आहेत, असं तोंडातून निघून गेलं. सोमवारी घेऊन या, म्हणाल्या.
मध्ये दोनच दिवस. पण दडपणाखालीच माझं काम उत्तम होतं.

२३ फेब्रुवारी
उपाय सापडला. मास्टर्सला असताना केलेला माझा जुना लघुप्रबंध काढला. त्यातला पूर्वसंशोधनाचा आढावा जसाच्या तसा बसतो. साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिला. एक्क्याऐंशी टक्के साम्य दाखवलं. स्वतःशीच साम्य! उलट याला सातत्य म्हणतात. सॉफ्टवेअर परदेशी असावं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
मॅडमकडे जाऊन आलो. त्यांनी पानं चाळली. मग फाइल बाजूला ठेवून म्हणाल्या, तुम्हाला काय सापडलं ते मला एका वाक्यात सांगा. मी बराच वेळ बोललो. माहितीचा विस्फोट, डिजिटल दरी, ग्रंथालयाचं भवितव्य. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "सात वर्षांत तुम्ही मला एकदाही प्रश्न विचारला नाहीत. दर वेळी उत्तरंच घेऊन येता."
निघताना हे कौतुक वाटलं. बसमध्ये तितकंसं वाटेना.

२ मार्च
रोज दहा पानं. जमतंय. म्हणजे जमेल.

११ मार्च
लिहायला बसलो की खाली कोणीतरी हॉर्न वाजवतो. मुलगी पाठांतर करते. ही भांडी घासते तीसुद्धा मुद्दाम, असं वाटतं. तसं बोललो. तिने नळ बंद केला आणि भांडी तशीच ठेवली. शांतता झाली, पण तीही लिहू देईना.

१९ मार्च
आज संध्याकाळपर्यंत बँकेला कळवायचं होतं. हिने खुर्ची ओढली, माझ्या समोर बसली. खरं सांग, किती पानं झालीत? जवळजवळ झालंय, म्हणालो. ती म्हणाली, 'जवळजवळ' नको, पानं सांग. मी चिडलो. संशोधन पानांत मोजत नाहीत, तुमच्या बँकेतल्या नोटा नाहीत या, असं बोललो. ती उठली नाही. हळू म्हणाली, "माझी बढती गेली तरी मला चाललं असतं रे. पण तू लिहीत असतास तर."
आतून मुलीचा आवाज आला : आई, तू हो म्हण.
तिने गॅलरीत जाऊन फोन केला. परत आली ती डोळे धुऊन.
चला, एक दडपण कमी झालं.

३१ मार्च
शेवटच्या दिवसाची गर्दी नको म्हणून सकाळीच विद्यापीठात गेलो. सोबत एक प्रकरण, बाकीच्या प्रकरणांचे नुसते मथळे. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, अपुरा प्रबंध घेत नाही, आणि आजनंतर नोंदणी रद्द. मॅडमच्या खोलीकडे धावलो. शिपाई दारावरची पाटी उतरवत होता. मॅडम खोकी बांधत होत्या. अजून एक महिना मिळाला तर, असं म्हणालो. त्यांनी दोरीची गाठ मारली, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. सोडून द्या म्हणाल्या. चांगले लायब्रेरियन आहात, तेवढं पुरे नाही का?
पुरे नाही, असं बोलायचं होतं. पाणी पिऊन निघालो.
घरी 'तांत्रिक अडचण' एवढंच सांगितलं.

१३ एप्रिल
दोघी काल गेल्या. टेम्पो गेला तेव्हा मुलीने खिडकीतून हात केला. मी लगेच वर येऊन लॅपटॉप उघडला. आता पूर्ण एकांत. नव्याने नोंदणी करता येईल. नवा विषय, नवी गाइड. डोक्यात सगळं तयार आहे.
आज संध्याकाळी हिचा फोन आला. सामान लागलं, शाळा बघून झाली. लेखन जोरात चाललंय, मी म्हणालो. ती म्हणाली, मॅडमनी मला एकतीस मार्चलाच फोन केला होता.
ती आता फोन ठेवेल असं वाटलं.
"जेवलास का?" तिने विचारलं.
जेवलो म्हणालो. फोन ठेवला आणि उठून कुकर लावला.