मोठ्या हॉटेलची समुद्राकडची गॅलरी

सोम. ३ फेब्रु.
पहिली आली ती पुष्पा. पाहुणे अजून जिन्यात, तर ही शेजारीण वाटी घेऊन दारात. "काकी, चिमूटभर साखर." चिमटीला केवढी ती वाटी! माझ्याकडे कोण येतंय ते बघायचं होतं, दुसरं काय. घेतली आत बसवून.

मागनं आली तन्वी, आमच्या नातीची, ऋतूची मैत्रीण, आणि तिचे दाढीवाले साहेब. जुन्या इमारती नीट करायचं काम करतात. चौपाटीवरच्या मोठ्या हॉटेलाचं काम मिळालंय. राणीच्या राज्यातलं हॉटेल ते. नातीने सांगून ठेवलेलं, आजोबांनी तिथं तीस वर्षं रंगकाम केलं, आजीला सगळं माहिती. सगळं कसलं डोंबलाचं! पण विचारल्यावर मी गप्प बसते काय. ह्यांनी आधी पांढरा दिला, मग पिस्ता, मग गुलाबी. गुलाबी असताना संध्याकाळचं ऊन पडलं की अख्खं हॉटेल दुधात गुलकंद कालवल्यासारखं दिसायचं. मग एसीचे डबे आले, भिंतीला गळवं उठल्यागत. आता तर म्हणे हिरवी जाळी गुंडाळलीय.

साहेब म्हणाले, "आजी, समुद्राकडची लाकडी गॅलरी कधीची?"
म्हटलं माझ्या लग्नाच्या वर्षाची. अगदी पक्कं. लग्न वैशाखात गावी, मुंबईत आले नागपंचमी झाल्यावर. तेव्हा लांबून हॉटेल बघितलं तर त्या बाजूला नुसतं तपकिरी, आंधळं. दिवाळीत हे फिरायला घेऊन गेले, तर पांढरीशुभ्र नक्षीची गॅलरी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी तोंड उघडं टाकून उभी. हे म्हणाले, "तू येणार म्हणून बांधून घेतली."
साहेब हसले. पुष्पाने टाळ्या पिटल्या.

मंगळ. ४
गुडघा. दु. वाल सोलले. सोलता सोलता गॅलरीच डोळ्यासमोर. माझ्या लग्नाची गोष्ट साहेबांच्या वहीत गेली. मी चौथी शिकलेली.

गुरु. ६
ऋतूचा फोन. "आजी, तुझ्यामुळे साहेबांचं काम सोपं झालं गं. जुन्या नकाशात गॅलरी नाहीच, आणि तूही नंतरची म्हणालीस. नंतरचं काम काढता येतं. मालकाला तिथं काचेचा हॉल हवाय."
"काढता येतं म्हणजे?"
"म्हणजे पाडणार."
आमटी उतू गेली. बघितली नाही मी. हौसेने बोलले ते हे एवढ्यासाठी?

रवि. ९
बाबूचा फोन. भाऊ माझा, मालवणात असतो, रविवारचा फोन चुकवत नाही. तेव्हा तो आमच्याकडेच राहायचा, ह्यांच्या हाताखाली घासकाम करायला जायचा. त्याला रडगाणं सांगितलं तर हसतच सुटला.
"अगो ताय, तू इलंस पावसात. आपल्या पडवेक झापां बांधतत ना, तशीच थंय बांधलेली. गॅलरी मागे होतीच. दसऱ्याक झापां काढली आणि आम्ही रंग मारलो."
"मग हे म्हणाले ते?"
"भावजींनी तुझी मस्करी केल्यानी!"

माडाच्या झावळ्यांची झापं, पावसाची झड अडवायला! जन्मभर आमच्या पडवीला बघितली, मी स्वतः विणली, आणि मुंबईत ओळखली नाहीत. एवढ्या बड्या हॉटेलाला कोण झापं बांधील असंच वाटलं असणार. पुढल्या वर्षी तिथं काचा बसल्या, झापं गेली ती गेलीच, मग कळणार कसं. आणि हे! गेले पण खरं सांगून गेले नाहीत. आधी राग आला. मग भाकरी थापताना एकटीच हसत बसले. केवढी मोठी थाप ती, समुद्राएवढी.

लगेच तन्वीला फोन. म्हटलं मी चुकले, वहीतलं माझं ते खोडून टाक. ती म्हणाली, "आजी, नुसत्या सांगण्यावर भागायचं नाही. रंग खरवडून बघू. तुम्ही या बुधवारी."

बुध. १२
गेले. पुढच्या दाराने. हे तीस वर्षं मागच्या दाराने गेले. दरवानाने सलाम ठोकला, मी पण ठोकला.

गॅलरीत जाळीतून समुद्र हिरवा हिरवा. तन्वीने बारीक सुरीने खांबाचा बोटभर तुकडा खरवडला. गुलाबी निघाला. त्याखाली पिस्ता. त्याखाली पांढरा. म्हटलं, हा बघ, हे आले. आता लाकूड.

लाकूड नाही आलं. निळा आला. मग मातकट पिवळा. मग आणखी एक हिरवा, शेवाळासारखा. सगळ्यात खाली लाल, कोकमाच्या आगळासारखा, अगदी ओला वाटावा असा.

कोणाचे हात हे? ह्यांच्या आधी कोण शिडीवर चढलं, त्यांच्या बायका कुठल्या गावच्या… माझ्या लग्नाआधी हॉटेल होतं हे काय मला माहीत नव्हतं? पण असं कळलं नव्हतं. बोट लावून बघितलं, तन्वीने लावू दिलं.

खाली चहा दिला. कप एवढा पातळ की पलीकडचं बोट दिसत होतं.

शनि. १५
तन्वीचा फोन. साहेबांनी तो खांब बघितला, एकेका रंगाचा फोटो काढून घेतला. मालकाचा माणूस मात्र ऐकत नाही. म्हणतो जुनं लाकूड दुसरीकडून आणून बसवलं असेल, तुमची आजी आधी एक म्हणते, मग दुसरं. बरोबरच आहे त्याचं. मी म्हटलं, त्याला घेऊन ये माझ्यासमोर. बाबूला फोनवर घेते. झापं कशी विणतात, कुठं गाठ मारतात, खांबाला कुठं खिळे ठोकतात, सगळं सांगतो तो. खिळ्यांची भोकं असतील ना ह्यांच्या पांढऱ्याखाली? दुसरीकडून आणलेल्या खांबाला ती कशी असतील?
तन्वी म्हणाली, "आजी! हे आधी का नाही बोललात? बघतो आम्ही."

पाडायला माणसं ठरलीत, तारीख ती सांगत नाही. पुष्पाला विचारलं, ह्यांनी मस्करी केली हे चारचौघांत कसं सांगू. म्हणाली, "जसं मला सांगितलंत तसंच. हसत."

साहेब, तन्वी आणि मालकाचा माणूस, तिघं येतो म्हणालेत. गुरु. २०, दु. चार वाजता.