पार्वतीचे एकशे सत्तावीस दिवस

भिवंडी, शनिवार

चि. बाळारामभाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

वळ गावी सगळे खुशाल असाल. तुमचा गुडघा, सूनबाईंचं पित्त आणि नव्या गोदामाचं छप्पर, तिन्ही आपापल्या जागी राहोत. मी ठणठणीत आहे. (रक्तदाब वाढलाय, पण मी चार जणांचा वाढवते, त्यामुळे फिटंफाट.)

पत्राचं कारण असं की काल मी चमत्कार पाहिला. आमच्या शाळेची सेविका पार्वती या महिनाअखेर निवृत्त होते आहे. तिची पेन्शन अडली म्हणून मी तिला घेऊन शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. चोवीस वर्षं तिने शाळा झाडली; पहिली चौदा अर्धवेळ, मग कायम. (अर्धवेळ म्हणजे सकाळी सातपासून कुलूप लागेपर्यंत. उरलेला अर्धा वेळ कुठे गेला ते सरकारलाच ठाऊक.) पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आजवर अर्धवेळची वर्षं निम्मी धरत, म्हणजे पार्वतीची सतरा भरत होती. गेल्या महिन्यात नवं परिपत्रक आलं, की अर्धवेळ मुळी धरायचीच नाही. चौदा वर्षं एका सहीत साफ! मला फळा पुसायला याहून जास्त वेळ लागायचा.

तिथे मृणाली नावाची लिपिक आहे, जेमतेम सत्तावीसची. मी तोंड सोडलं. (तुम्ही ते ऐकलेलं आहे.) तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकेक परिपत्रक तारखेसकट तोंडपाठ म्हणायला लागली. कोणतं कशाने रद्द झालं, रद्द करणारं कशाने स्थगित झालं, ती स्थगिती कशाने उठली. भाऊजी, कॉन्व्हेंटात असताना सिस्टरांची प्रार्थना कळायची नाही तरी हात आपोआप जुळायचे, तसे माझे जुळले. एवढा मोठा डोंगर आणि ही पोरगी त्यावर चपला न घालता चढते! शेवटी म्हणाली, "पण मॅडम, नुसती कायम सेवा धरली तरी दहा वर्षं सतरा दिवस होतात. बसतंय की!" मी तिला तोंडभर आशीर्वाद देणार, तेवढ्यात तिने सेवापुस्तकाचं पान उलटलं. वजा एकशे सत्तावीस दिवस. विनापरवानगी गैरहजर.

मी उसळले. कोण तो नालायक मुख्याध्यापक, त्याला माझ्यासमोर उभा करा, म्हणाले. (आसपासच्या टेबलांवरचं काम थांबलं. म्हणजे चहा थांबला.) मृणालीने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. काय ते अक्षर! सिस्टरांनी पट्टीने घडवलेलं, एक काना वाकडा नाही. खाली माझी सही.

त्या वर्षी अचानक तपासणी आली होती. सेविका कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं आणि स्वतःची मान सोडवायला मी तो शेरा मारला. मारला आणि विसरलेही. ती कुठे होती हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मातोश्री अंथरुणाला खिळल्या होत्या, तुमच्या पहिल्या गोदामाचा पाया भरायचा होता, आणि "वहिनी, महिनाभर आईला तुमच्याकडे ठेवा, ती तुमची शाळेतली बाई येईल ना मदतीला?" असं तुम्हीच म्हणाला होतात. तो महिना चार महिने सात दिवसांचा झाला. सासूबाईंचा शेवटचा घोट पार्वतीच्या हातचा.

मृणालीने तिला विचारलं, मावशी, तेव्हा कुठे होतात? कोणत्या साली कोणतं पोर कोणत्या पायरीवर ओकलं, हे सांगणारी ही बाई! माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठवत न्हाय, बाय." परिपत्रकांपुढे मी नुसती थक्क झाले होते, या तीन शब्दांपुढे मला खुर्ची मागवावी लागली.

बाहेर आल्यावर विचारलं, तुला शेरा ठाऊक होता? म्हणाली, "वाचता न्हाय येत, पन तुजा अक्षर वलखते मी. मी सांगितला असता तर तुजी पन पेन्शन अडली असती ना?"

मी तशीच आत वळले. मृणाली म्हणाली की पार्वतीची रजा भरपूर शिल्लक होती. परवानगी दिली होती असं तेव्हाच्या मुख्याध्यापिकेने लिहून दिलं, तर ते दिवस सेवेत धरता येतील. मी तिथेच बसून खरं ते सगळं लिहून दिलं.

घरी सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्या.

तुमची वहिनी,
निशा

ता. क. निघताना मृणालीने आणखी एक नियम म्हणून दाखवला. आपली पेन्शन चांगल्या वर्तणुकीवर असते म्हणे. सेविका घरी राबवल्याची कबुली दिल्याने माझी चौकशी लागू शकते. (हाही तोंडपाठ! धन्य ती मुलगी.) माझी पेन्शन थांबलीच, तर तुमच्या काल्हेरच्या गाळ्यावरची खोली झाडून ठेवा. स्वतः झाडा.

ता. क. २ जबाबाला एक साक्षीदार लागतो. सोमवारी अकरा वाजता आधार कार्ड घेऊन या. गुडघ्याचं कारण चालणार नाही, जिना नाही. शिवाय "दिरांच्या विनंतीवरून" असं तुमच्या पूर्ण नावानिशी मी आधीच लिहून बसले आहे. माझं अक्षर किती टिकतं, ते तुम्ही वर वाचलंच आहे.