ओले सदरे

ता. ९, सोमवार

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

चिरंजीवाची ट्रंक काल पोचली. भाडं बारा, हमालाचे दोन. तीन मागत होता, पण ट्रंक हलकी होती. जादा सामान घरी पाठवा असा तिकडे पलटणीत हुकूम निघालाय. ह्याने अंगावरचं सोडून सगळंच पाठवलं. दोन्ही स्वेटर, मी विणलेले हातमोजे, आणि चार सदरे. सदरे ओलेच बांधलेले, त्यांना बुरशी धरली. दीड वडी साबण गेला तरी वास जात नाही. तिकडची थंडी अजून सरायची आहे, दादा. ह्यांना वाटतं, पोरगं निघायच्या घाईत आहे. मीही हो म्हटलं.

सैन्य माघारी आणण्यावरचं तुझं भाषण रेडिओवर ऐकलं, शेजारच्या शिंपीमास्तरांच्या दुकानात. तिथे रोज संध्याकाळी लढाई चालते. मास्तर कापड बेतायच्या टेबलावर खडूने डोंगर, रस्ता, पूल काढतात आणि गिऱ्हाइकाची विजार महिनाभर तशीच पडून राहते. सगळे त्यांना सरसेनापती म्हणतात. हे म्हणाले, परका मुलूख, इतक्या वर्षांत एक गाव आपलं झालं नाही, सैन्य एकदम काढून आणा. मास्तर म्हणाले, एकदम पाठ फिरवली तर बंडखोर रस्त्यातच गाठतील. तुमचे मेहुणे सांगतात तेच खरं, टप्प्याटप्प्याने निघायचं, पुलावरचं ठाणं शेवटपर्यंत धरून ठेवायचं. ह्यांनी विचारलं, मग पुलावरच्या पोरांचं काय? मास्तरांनी तळहाताने पूल पुसून टाकला.

"तेवढं नुकसान धरलेलंच असतं, भाऊसाहेब."

तूही तेच बोललास, तुझे शब्द तेवढे चांगले होते. मी बटणं घ्यायला गेले होते, तशीच परत आले.

महिन्याचं सामान भरताना मीही नासाडी धरते, म्हणून तुला नावं ठेवत नाही. मी मॅट्रिक झालेली बाई, तुझ्या समितीपुढे काय काय कागद येतात मला काय ठाऊक. हजारो पोरं घरी आणायची तर कुणीतरी मागे थांबायला हवं. देवापुढे बसून मनाला हे पुष्कळ समजावलं.

ट्रंकेत पत्र होतं. लिहितो, आई, गंमत ऐक, खालच्या गावातला धोबी कपडे ओलेच टाकून गेला, पैसेही घेतले नाहीत, बायकोपोरं, भांडीकुंडी घेऊन सगळं घर चालतं झालं.

मला नाही हसू आलं. कपडे वाळेपर्यंतही ज्याला थांबवत नाही, त्याला बंडखोरांचं काहीतरी कळलेलं असतं. तुम्ही अजून तारखेवर वाद घालताय, त्या गावाची ठरलेली दिसते.

आता लिहितेच. ते गाव पुलाखालचं. तुझा भाचा तुला कळवतो तसा कोठारात नाही, सहा महिने पुलावर आहे. मामाच्या वशिल्याने सुटलो तर सोबत्यांना तोंड कसं दाखवू, म्हणून त्याने मला देवाची शपथ घातली होती. ह्यांनाही माहीत नाही. आज सकाळी दिवा लावला, क्षमा मागितली आणि शपथ मोडली.

आधी त्याच्या एकट्याची बदली मागणारं पत्र लिहिलं होतं. ते चुलीत घातलं. त्याला काढलंस तर त्या जागी दुसरीचा जाईल. तेव्हा एवढंच कर, धोब्याचं समितीत सांग. हसले तर हसू देत. तुला पटलं तर ठाणं आधी रिकामं करा म्हण. नाही पटलं तर तसं मला तूच सांग, रेडिओवरून नको.

सदरे तिसऱ्यांदा धुऊन दोरीवर घातलेत. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. उलट टपाली एक ओळ कळव. खुशाली नको, फक्त ठाण्याचं.

तुझी धाकटी,
तुझ्या पुलावरच्या एका पोराची आई