तीन उलटे पीळ

ता. १९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत, माझे गुडघे सोडून. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ दिसते आणि माझी काही खैर नाही. शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान अजून चालवतो. विमानांपेक्षा मशिनं बरी, बिघडली तरी जमिनीवरच असतात.

तुम्ही लिहिलंत की छत्तीस वर्षांनी वाळवंटात तुमच्या धाकट्या भावाचं विमान सापडलं, फारसं मोडलेलं नाही, आणि तो आसनातच होता. त्यातल्या वस्तूंची पेटी तुमच्याकडे आलीय आणि मी आल्याशिवाय ती उघडणार नाही म्हणता. सोबतची यादी मी चष्मा पुसून पुसून वाचली. घड्याळ, पट्टा, नकाशांची पिशवी. पाचव्या ओळीत पाण्याचा डबा, एक.

मी येणार नाही, ताई. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होतो, पण ते खोटं होईल. मला त्या पेटीची भीती वाटते.

हवाई तळावर धाकटा तुमची पत्रं मला वाचून दाखवायचा. ‘वेळेवर जेवत जा’ आलं की हसायचा आणि लगेच जेवायला उठायचा. विमानात चढण्याआधी बूट झटकायचा, इथली वाळू इथेच राहू दे म्हणायचा. बावीस वर्षांचं पोर ते.

विमान वाळवंटात उतरवावं लागलं तर प्यायला म्हणून आसनामागे पाण्याचा डबा पट्ट्यांनी करकचून बांधलेला असे. तो भरणं माझं काम. भरला की झाकणाला तार गुंडाळून पीळ द्यायचा. तार शाबूत म्हणजे डबा भरलेला, मग कुणी उघडून बघत नसे. मी डावखुरा, त्यामुळे माझे तीन पीळ उलटे पडत. सगळे त्यावरून मला चिडवायचे.

त्या दिवशी पाण्याची गाडी वाळूत रुतली होती. साहेब तपासणीला निघालेले. बोलणी खायला नकोत म्हणून मी रिकाम्याच डब्याला तार बांधली. गाडी आली की तार कापून भरू, असं मनात होतं. साहेब तार बघून पुढे गेले आणि पाठोपाठ उड्डाणाचा हुकूम आला.

धाकट्याने चढता चढता विचारलं, “मिस्त्री, पाणी?”

मी म्हणालो, “काठोकाठ.”

साहेब अजून दहा पावलांवर होते, ताई. एवढंच कारण होतं.

तो क्षणात गेला, त्याला काही कळलंही नसेल, असं मी तुम्हाला तेव्हा लिहिलं. आईंना त्याच वाक्याचा आधार होता, असं तुम्ही मागे कळवलं होतंत. मला तसं कुणीच सांगितलं नव्हतं. विमान परत आलं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आमच्या घरात सात भांडी कायम भरलेली असतात. बायको म्हणते, नळाला चोवीस तास पाणी आहे, तुम्ही कशाला जीव आटवता. तिलाही मी काही सांगितलेलं नाही. दुपारी दुकानात एकटा असलो की तो आसनात बसून हात मागे नेतो आणि तार उलगडतो, हे मला दिसतं. पुढचं बघवत नाही. मी उठून उगीच एखादं मशीन चालू करतो.

आता तुम्हीच पेटी उघडा. दिवसाउजेडी उघडा, आणि भाऊजींना जवळ बसवा. डब्याचं झाकण बघा. तीन उलटे पीळ तसेच असतील, तर त्याने डब्याला हात लावला नाही. मग तो खरंच क्षणात गेला असेल, आणि माझं ते वाक्य खरं ठरेल. तार सुटलेली असेल, तर त्याने डबा उघडला.

काय दिसलं ते एका ओळीत कळवा. माझी दया येऊन काही वेगळं लिहू नका. तसं एकदा मी लिहून बसलोय.

तुमच्या धाकट्याला ‘काठोकाठ’ म्हणालेला,
मिस्त्री