तट्ट्याच्या भिंतीची खोली

गोंदिया, दिवाळीनंतर, १९४१

प्रिय शामकला,

तुझ्या बाबांनी आपल्या दोघींना एकाच पाटीवर अक्षरं शिकवली. म्हणून हे पत्र तुला तुझ्या भावाकडून, नंदलालभाऊंकडून, वाचून घ्यावं लागणार नाही, एवढा मला धीर आहे.

आमचे हे तापाने गेले, ते तुला कळलंच असेल. तेरवी होते न होते तोच रेल्वेचा माणूस दारात उभा राहिला. बिचारा खाली मान घालून बोलला, पण बोलायचं ते बोललाच. क्वार्टर पाइंटमनचं. पाइंटमन नाही, तर क्वार्टर नाही. इतकी वर्षं मी ते घर शेणाने सारवलं, मागे दोडक्याचा वेल चढवला, आणि ते आपलं नाही हे मला एकदाही सुचलं नाही. आता तिथे दुसरी बाई मिरच्या वाळवते. बाजारातून येताना मी मुद्दाम दुसऱ्या वाटेने येते.

आधी केशोरीला दिरांकडे गेले होते. घर मोठं, माणसं भरपूर. भैयालालभावजींनी कधी वाकडा शब्द काढला नाही. पण पहिल्यांदा माझं अंथरूण माजघरातून धानाच्या कोठीजवळ गेलं, मग बाहेर ओसरीवर, सपरीत आलं. मी आत गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. सपरीत निजणं काय असतं ते तुला मी काय सांगू? भावाकडे तुझंही अंथरूण तिथेच असतं. बारा घरची कुत्री अंगावरून जातात. एका सकाळी बोचकं बांधलं आणि परत गोंदियाला आले. इथे विडी वळता आली की बाईमाणसाचं पोट भरतं.

पण राहायचं कुठे? पूर्वी इथे लोक अख्खं घर घ्यायचे, गावाहून सासू, नणंद सगळे यायचे. आता राइसमिलचा नि विडीचा माणूस एकटा येतो किंवा बायकोला घेऊन, आणि ज्याला त्याला एकच खोली हवी. मालकांनीही घरं चिरली. गुलाबचंद शेठच्या घरात एका दिवाणखान्याच्या तीन खोल्या झाल्यात, मधे नुसते बांबूचे तट्टे. त्यातली एक रिकामी होती. शेठ म्हणाले, “अकेली औरत को नहीं देते, बाई. साथ में कौन है?” याआधी चार दारांवर हेच ऐकून मी परतले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “बहीण आहे, देवरीची. शामकला. मागून येऊन राहिली.” त्यांनी किल्ली दिली.

खोली एवढीशी आहे. चूल मांडली की एक अंथरूण मावतं, दोन घातली तर एकमेकांना चिकटून. पण दाराला आतून कडी आहे, शामे. पहिल्या दिवशी मी ती उगीचच लावून-काढून पाहिली.

तट्ट्यापलीकडे चमेली राहते, नवरा मिलमध्ये आहे. त्यांची भांडणं, त्यांच्या भाजीची फोडणी, सगळं माझ्या खोलीत येतं. मला वाटायचं, इकडून तिकडे काय जाणार, मी तर एकटी. परवा नळावर तिनं विचारलं, “काऊन वं देवका, बहीण आली तं सांगितलं नाहीस? रोज संध्याकाळी तुमच्या गोष्टी ऐकू येऊन राहिल्या.” मी हसून हो म्हटलं. खोलीत येऊन कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. विडीची पानं कातरताना मी तुझ्याशी बोलत असते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून लिहिते आहे. शेठला दाखवायला ये, असं म्हणत नाही. ही खोली गेली तर दोघी मिळून दुसरी पाहू. भावाच्या घरी तुझ्यावाचून अडेल, भाऊ रागावतील, लोक बोलतील, सगळं मला कळतं. विडी वळायला मी शिकवीन. देवरीहून आमगावपर्यंत बैलबंडी मिळते, पुढे आगगाडी आहे. स्टेशनावर मी उभी राहीन. कुठल्या दिवशी ते मात्र कळव. नाही कळवलंस तरी, बाई, ये.

वाट पाहणारी, तुझीच,
देवका