ठक् वाजलेला दगड

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव.

वर्कशॉपातल्या ग्राइंडरसाठी यांनी आज धार लावायचा पांढरा गोल दगड निवडला. कडक पोलादाला मऊ दगडच हवा, ते बरोबरच. मग मधल्या भोकातून बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं ठोकला.

"बघ, कसा घंटीवानी वाजतोय!"

मला नुसतं ठक् ऐकू आलं. शाळेत सिस्टरांची तडकलेली घंटा वाजायची, तसं. तडकलेला दगड फिरताना फुटतो, हे लग्नानंतर यांनीच शिकवलेलं.

"अहो, पुन्हा ठोका ना."

"कान तपासून घे तुझे," म्हणत हसले.

यांना आवाजातला फरक ऐकू येईनासा झालाय. कसं सांगू?

दगड गुपचूप घरी आणून साड्यांखाली लपवलाय. माझ्या हातून पडला म्हणेन. रागावू देत. पण नवा आणतील, तोही हेच ठोकून बघणार. रोज कुठं असणार मी तिथं?